सीएनसी मशिनिस्ट : कतारगामपासून विमान कारखान्यापर्यंत

संगणकीय आज्ञावलीवर चालणाऱ्या लेथ किंवा मिलिंग यंत्रावर धातूचा जॉब घडवणारा कुशल कारागीर म्हणजे सीएनसी मशिनिस्ट. सुरतमधील कतारगामची ओळख हिऱ्यांची; परंतु तेथील औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकीची कामेही चालतात. सुमारे दीडशे किलोमीटरवरील वडोदऱ्यात टाटा-एअरबसचा सी-295 विमानांचा कारखाना 28 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाला. एकूण 56 विमानांपैकी 40 तेथे जुळवली जाणार आहेत. हिरे व्यवसायातील मंदीने धास्तावलेल्या रत्नकलाकारांच्या घरांत त्यामुळे एक प्रश्न साहजिक आहे: मुलाने हे काम शिकावे का?

हात आणि नजर कामी येते, पण सवय बदलावी लागते. हिरा घासणाऱ्याला बहुधा नगावर मजुरी मिळते. विमानाच्या कामात घाई हाच दोष ठरतो.

खरी अडचण उष्णतेची आहे. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. शंभर मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग प्रत्येक अंशामागे सुमारे 2.3 मायक्रॉन वाढतो. सुरतच्या उन्हाळ्यात शेडमध्ये 38 अंश असतील, तर तो 41 मायक्रॉनने लांब भरेल. मुभा दहा-वीस मायक्रॉनचीच असेल, तर यंत्रावर अचूक वाटलेला जॉब थंड झाल्यावर बाद होतो. म्हणून वातानुकूलित मापनकक्ष ही चैन नव्हे. टायटॅनियमचा त्रास वेगळा: त्यातून उष्णता लवकर वाहून जात नाही, ती कटरच्या धारेवरच साचते. त्याचा बारीक कीस पेटही घेतो.

प्रत्येक भागाबरोबर धातूच्या मूळ खेपेपासून तपासणीपर्यंतची नोंद ठेवावी लागते. एएस 9100 या गुणवत्ता मानकाचा तो गाभा. चूक झाली तर ती लपवण्यापेक्षा लिहून देणाऱ्या कामगाराची येथे गरज असते. प्रस्तुत लेखकाच्या मते, प्रशिक्षणात हीच बाब सर्वांत कमी शिकवली जाते.

आयटीआयमधील मशिनिस्ट आणि टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून दहावी उत्तीर्णांना प्रवेश मिळतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करावी. गोव्यात पिळर्ण येथे किनेको ही कंपनी विमान व अवकाश क्षेत्रासाठी भाग बनवते. मात्र तिचा मुख्य भर संमिश्र पदार्थांवर आहे, धातुकामावर नाही. अर्ज करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.