बाण भात्यातून वहीत कसा आला?



बाण म्हटला की आपल्याला राम आठवतो, अर्जुन आठवतो, सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकामठा आठवतो. बोलण्यातही बाण रोजचाच. हमखास गुण येणारं औषध ते रामबाण, आणि मनाला लागणारे टोमणे ते शब्दबाण. दवाखान्याच्या भिंतीवरचा बाण वाट दाखवतो, मोबाईलवरचा बाण मागे नेतो. पण आपल्या मुलींच्या गणितातही एक बाण आहे. आज त्याची गोष्ट सांगतो.

एक वर्तुळ काढा आणि त्याच्या कडेकडून एक सरळ रेघ मारा. जो तुकडा वेगळा दिसतो, तो ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. आपल्याकडच्या जुन्या गणितींनी नावंही तशीच ठेवली. वाकलेला भाग म्हणजे चाप, अर्थात धनुष्य. सरळ रेघ म्हणजे ज्या किंवा जीवा, अर्थात दोरी. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या मध्यापर्यंतची रेघ म्हणजे शर, अर्थात बाण. नववीच्या भूमितीत मुली आजही 'जीवा' शिकतात, ती ही दोरीच.

हा शब्द पुढे फार लांब गेला. आर्यभटाने इ.स. 499 च्या आपल्या ग्रंथात अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं. अरबांनी 'जीवा' शब्द उचलला, पण त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसल्यामुळे तो 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्या अर्थाचा 'सायनस' हा लॅटिन शब्द वापरला. दहावीच्या त्रिकोणमितीतला 'साइन' तो हाच.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा 1207 चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त बाणाचं गणित आहे: वर्तुळाचा व्यास 10, ज्या 6, तर बाण किती? उत्तर 1. दुसऱ्या एका गणितात अर्जुन कर्णावर बाण सोडतो. निम्मे बाण शत्रूचे बाण तोडण्यात जातात, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट घोड्यांवर, 6 शल्यावर, 3 छत्र, ध्वज आणि धनुष्यावर, शेवटचा एक कर्णाच्या मस्तकावर. एकूण बाण 100. पडताळून पाहा, 50 अधिक 40 अधिक 6 अधिक 3 अधिक 1.

यातली आम्हाला सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. या ग्रंथातले बरेच प्रश्न 'बाले', 'सखे' अशी हाक मारून विचारलेले आहेत. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, ही कथा फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. ती कथा खरी असो वा नसो, गणित विचारताना समोर बाई आहे असं धरून लिहिलेलं पुस्तक आठशे वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे आहे.

तरीही गटाच्या बैठकीत आम्ही ऐकतो, "पोरीच्या जातीला गणित कशाला? तिला झेपत नाही." हे बोलणारीच महिन्याचं व्याज, हप्ता, शिल्लक तोंडावर सांगते! हिशेब आपण करायचा आणि गणित मात्र मुलग्यांचं, हे कुठलं शास्त्र?

या आठवड्यात मुलीला घेऊन बसा. कंपासमध्ये 5 सेंटीमीटर घेऊन वर्तुळ काढा. त्यात 6 सेंटीमीटरची जीवा ओढा. मधला बाण पट्टीने मोजा. बरोबर 1 सेंटीमीटर भरेल. का भरला, हे तिला विचारा. तिला आलं तर तिच्याकडून शिकून घ्या. नाही आलं तर दोघी मिळून शाळेत बाईंना विचारा.