पोलादावरचा थेंब आणि लेझरची गोष्ट

आज गोष्ट स्टेनलेस स्टीलची. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद बनवलं. त्याचं रहस्य म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा थर. फक्त काही नॅनोमीटर जाड! तो टिकला तर गंज नाही, फुटून पुन्हा तयार झाला नाही तर मात्र संपलं.

1960 मध्ये थिओडोर मेमनने पहिला लेझर पेटवला. पाचच वर्षांत मिल्टन बर्नबॉम यांना लेझर पडलेल्या अर्धवाहकावर बारीक समांतर रेघा दिसल्या. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात शब्द होता 'नुकसान'. आज अशाच रेघा धातूवर मुद्दाम काढतात, बोला!

आता पाण्याकडे येऊ. 1936 मध्ये वेन्झेलने सांगितलं, की खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो. पाणी आवडत असेल तर जास्तच आवडतं. 1944 मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी दुसरी शक्यता मांडली. खाचांमध्ये हवा अडकली, तर थेंब हवेच्या गादीवर बसतो.

मला सगळ्यात आवडतो तो 2009 चा किस्सा. कॅनडात अ‍ॅन-मारी कीट्झिग आणि सहकाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलसकट अनेक मिश्रधातूंवर फेम्टोसेकंद लेझर मारला. ताज्या पृष्ठभागावर पाणी सपाट पसरलं. वेन्झेलच खरा ठरला म्हणायचा! पण तेच तुकडे हवेत ठेवले आणि दिवस गेले, तसं पाणी गोळा होऊ लागलं. शेवटी थेंब जवळपास गोल. वर काही लेप नाही, काही नाही. त्यांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर बोट ठेवलं. पुढे बऱ्याच संशोधकांना हवेतले सेंद्रिय रेणू चिकटणं जास्त पटलं. म्हणजे खाचा लेझरच्या, पण पाण्याला दूर ठेवणारं काम हवेनं केलेलं.

मग गंज थांबतो का? इथे जाहिरातीसारखं 'हो' म्हणायला मी तयार नाही. खाचांत हवा अडकून राहिली, तर खारं पाणी धातूला कमी भिडतं आणि गंज मंदावतो. पण लेझरच्या उष्णतेनं वरचा थर बिघडू शकतो. ताजा, पाणी पिणारा पृष्ठभाग तर धोक्याचाच, कारण धातूचं जास्त क्षेत्र पाण्यात जातं. आणि बराच काळ मिठाच्या पाण्यात राहून हवा निसटली, तर क्लोराइड त्याच खाचांत जाऊन बसतं आणि तिथूनच खड्डे पडायला लागतात.