तळटीप : ‘चक्रीय भाराखाली मातीची चाचणी’

लेखकाने हा उल्लेख ओझरता केला आहे, म्हणून खुलासा. कॅलिफोर्नियातील लोअर सॅन फर्नांडो हे मातीचे धरण ९ फेब्रुवारी १९७१ च्या भूकंपात जलाशयाच्या बाजूने घसरले. माथा सुमारे ९ मीटर खचला. पाण्याच्या पातळीवर भेगाळलेल्या मातीची जेमतेम दीड मीटर उंची उरली आणि खालच्या वस्तीतील सुमारे ८० हजार लोकांना हलवावे लागले. पुढे बर्कलीचे प्राध्यापक एच. बोल्टन सीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधताना प्रयोगशाळेतील ज्या चाचणीवर भर दिला, ती हीच. मातीचा दंडगोल रबरी पिशवीत बसवतात, पाण्याने पूर्ण संपृक्त करतात, भोवतालून दाब देतात आणि निचरा बंद करून वरून भार पुन्हापुन्हा वाढवतात-कमी करतात. सैल वाळू आकसू पाहते, पण पाण्याला वाट नसते. कणांमधल्या पाण्याचा दाब चढत जाऊन भोवतालच्या दाबाइतका झाला, की कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

लेखकाचा या चाचणीतून मिळणाऱ्या आकड्यांवरचा भरवसा मात्र जरा जास्तच वाटतो. सैल वाळूचा नमुना काढताना, नेताना तो थोडा घट्ट होतोच, त्यामुळे प्रयोगशाळेतले बळ धरणातल्या बळापेक्षा जास्त दिसू शकते. शिवाय घसरण हादरे थांबल्यावर, सुमारे अर्ध्या मिनिटाने सुरू झाली. तेव्हा प्रश्न फक्त हादऱ्यांचा नव्हता. पकड सुटल्यावर मातीत किती बळ शिल्लक राहते, हाही होता. सॅन फर्नांडोच्या वरच्या अंगाला नंतर दाबून घट्ट केलेल्या मातीचे लॉस एंजेलिस धरण बांधले गेले, १९९४ चा नॉर्थरिज भूकंप त्याने किरकोळ नुकसानीवर निभावला.

— संपादक