उपकेंद्रातील तेल आणि वायू

१९१५ साली खोपोलीस निर्माण झालेली वीज सुमारे एक लक्ष व्होल्टांच्या दाबाने परळच्या ग्रहणकेंद्रात पोहोचली. गिरण्यांचा धूर आता उणावेल, अशी आशा मुंबईकरांस वाटू लागली. विजेसाठी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींचा जाब मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह करून विचारला. उपकेंद्रास मात्र कोणी जाब विचारला नाही. कुंपणाआडचे ते मूक आवार कोणाच्या डोळ्यांत खुपणार?

उपकेंद्राच्या रोहित्रातील तारांची वेटोळी खनिज तेलात बुडविलेली असतात. तेल उष्णता वाहून नेते, ठिणगी अडविते. परंतु ते पेटते. दाट वस्तीत हे भय मोठे. म्हणून १९२९ पासून अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागलेली पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही सहसा न पेटणारी द्रव्ये अभियंत्यांस वरदानच वाटली. त्यांचा गुण तोच त्यांचा दोष ठरला. ती मातीत सहजी विघटन पावत नाहीत, प्राण्यांच्या चरबीत साठत जातात. १९६८ मध्ये जपानात एका तेलगिरणीच्या नळ्यांतून ती खाद्यतेलात झिरपली आणि हजारांहून अधिक माणसे व्याधिग्रस्त झाली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांच्या उच्चाटनाचे बंधन घातले. त्या करारास भारताने २००६ मध्ये मान्यता दिली.

दुसरी कथा वायूची. सर्किट ब्रेकर उघडताना उठणारी ज्वाला विझविण्यास सल्फर हेक्झाफ्लोराइड अजोड. शिवाय त्यामुळे उपकेंद्र फार थोड्या जागेत मावते. जमीन महाग तेथे हा मोह कोणास आवरेल? पण गळालेला हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बद्विप्राणिलाच्या तेवीस हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. १९९७ च्या क्योतो मसुद्यात त्याचे नाव आले, ते यामुळेच.

भारतात २००६ च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेच्या यादीत उपकेंद्रांचा समावेश नव्हता. वनजमीन लागल्यास १९८० च्या कायद्याने परवानगी घ्यावी लागे. म्हणजे तोडावयाची झाडे मोजली जात, टाकीत काय भरावयाचे ते मात्र कोणी विचारीत नसे! परीक्षा व्हावयाची ती रोहित्राखालच्या गोट्यांनी भरलेल्या खड्ड्यापासून: सांडलेले तेल तो सामावतो की ओढ्यास देतो? पाठोपाठ पाहावयाची ती वायूची वही, किती भरला आणि किती पुन्हा भरावा लागला याची. मध्यम दाबावर निर्वात ब्रेकर केव्हाच रुळले आहेत. उच्च दाबासाठी शुद्ध हवेची उपकरणे निघाली आहेत, पण ती जागा अधिक मागतात.