नाताळचा किनारा आणि फुटलेलीं गलबतें

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यास वास्को द गामानें १४९७ च्या ख्रिस्तजयंतीस ‘नाताळ’ हें नांव दिलें. पण त्या भूमीची ओळख युरोपास घडली ती फुटलेल्या गलबतांमुळें. कोचीनहून मिरीं घेऊन निघालेलें ‘सांव जुआंव’ १५५२ त तेथें फुटलें. सुमारें ५०० माणसें समुद्रकांठानें उत्तरेस निघालीं. अखेर वांचलीं अवघीं २५. पुढें १५९३ त ‘सांतु आल्बेर्तु’ फुटलें, तेव्हां नायक नूनो व्हेल्यो परेरा यानें कांठ सोडून आंतली वाट धरली व तांबें देऊन तेथील लोकांकडून गुरें घेतलीं. त्याचे बहुतेक पोर्तुगीज सोबती सुखरूप पोंचले. तेव्हां त्यांस तारलें तें बंदुकीनें नव्हे, सरळ देवघेवीनें व यजमानांच्या सौजन्यानें, असें आम्हांस वाटतें. त्या यजमानांस मात्र इतिहासानें शोधकांच्या पंक्तीस बसविलें नाहीं.