सीईटी-नीटचे फॉर्म: लिंक सुरू होण्याआधी घरात करायची तयारी

दरवर्षी फेब्रुवारीत तेच होतं. शाळा सुटायच्या वेळी एखादे अब्बा मुलीला घेऊन दारात उभे असतात. "मॅडम, नीटचा फॉर्म भरायचाय, काय काय लागतं?" मी विचारते, शेवटची तारीख कधी? "परवा." मग नॉन-क्रिमिलेयर नसतं, आधारवर नाव वेगळं असतं, आणि सायबर कॅफेवाला म्हणतो, ओपनमधून भरून टाकू, नंतर बघू. नंतर काहीच बघता येत नाही.

फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. त्याआधीचे कागद जमवायला सहा-सहा महिने जातात. म्हणून ज्यांचं मूल अकरावीत आहे किंवा नुकतंच बारावीत गेलंय, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. फीचे आकडे २०२५ च्या परीक्षांचे आहेत. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक निघालं की त्याच्याशी ताडून घ्या.

कोणती परीक्षा कशासाठी

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी या राज्यातल्या अभ्यासक्रमांसाठी एमएचटी-सीईटी. ती राज्याचा सीईटी कक्ष घेतो. पीसीएम आणि पीसीबी असे दोन ग्रुप आहेत, फार्मसीला दोन्हीतला कोणताही चालतो. एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानी या सगळ्यांना नीट. युनानीकडे, म्हणजे बीयूएमएसकडे, जायचं असेल तर दहावीपर्यंत उर्दू, अरबी किंवा फारसी शिकलेलं असणं मोलाचं ठरतं, त्यामुळे आठवी-नववीत उर्दू सोडायची घाई करू नका. एनआयटीसाठी जेईई मेन. दिल्लीच्या जामियाचं बी.टेक.सुद्धा जेईई मेनवरच होतं, पण जामियाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. बी.एस्सी. नर्सिंगला आणि पाच वर्षांच्या लॉला राज्याच्या स्वतंत्र सीईटी आहेत. २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी लागली आहे, हे अजून कित्येक घरांत माहीतच नाही.

भाषेबद्दल एक सांगते. नीट उर्दूतून देता येते आणि उर्दूचा पेपर देशातल्या कोणत्याही केंद्रावर मिळतो. मराठीतला पेपर मात्र महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठी-उर्दूत मिळतात, गणित फक्त इंग्रजीत. मुलगा दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होता म्हणून घाईने उर्दू निवडू नका. बारावीची पुस्तकं आणि क्लास इंग्रजीतून झाले असतील तर "मोमेंटम"चा उर्दू शब्द त्याला पेपरात नवाच वाटेल. हे मुलालाच ठरवू द्या. एकदा निवडलेली भाषा पुढे बदलता येईल असं धरून चालू नका.

नाव एकच असू द्या

आपल्या घरांत हा त्रास जास्त. दहावीच्या मार्कशीटवर शेख मोहम्मद अझहर, आधारवर मो. अझहर शेख, बँकेत अझहर शे. मो., आणि इंग्रजी स्पेलिंग तिन्हीकडे तीन तऱ्हेचं. मुलींच्या नावापुढचा "बी" एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. दहावीचं प्रमाणपत्र मुख्य धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून मार्कशीट समोर ठेवूनच दुरुस्ती करा. चूक मार्कशीटवरच असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम अकरावीतच उरकावं.

कॅटेगरी: इथेच सगळं अडतं

आधी एक गैरसमज. बरेच पालक म्हणतात, "आपण मायनॉरिटी आहोत, फी कमी लागेल." नाही लागत. फॉर्ममध्ये मुस्लीम अल्पसंख्याक लिहिल्याने परीक्षेची फी कमी होत नाही आणि सरकारी कॉलेजात राखीव जागाही मिळत नाही. २०१४ च्या अध्यादेशाने मुस्लिमांना दिलेलं ५ टक्के आरक्षण आज लागू नाही. अल्पसंख्याक असल्याचा उपयोग अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांतल्या कोट्यापुरता. तिथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद असावी, म्हणून दाखला हातात आला की तो रकाना आधी पाहा.

खरा फरक पडतो जातीच्या दाखल्याने. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मण्यार, मुलाणी अशा आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरी घरात विचारलं की उत्तर येतं, "आमच्यात जात-पात नसते, मॅडम." दीनमध्ये नसते, कबूल. पण हा दाखला आजोबांच्या पेशाचा आणि मागासलेपणाचा हिशोब आहे, ईमानाचा नाही. तो घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

नुसता जातीचा दाखला पुरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज कॉलेजमार्फत ऑनलाइन जातो आणि जिल्ह्याची पडताळणी समिती तो तपासते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात. म्हणजे वडिलांकडच्या आजोबा-पणजोबांचा किंवा चुलत घराण्यातला जुना कागद, ज्यावर जात लिहिलेली आहे. अडचण अशी की जुन्या शाळांच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात गुरुजींनी सरसकट "मुसलमान" लिहून ठेवलंय. अशा वेळी एका शाळेवर थांबू नका. आजोबांच्या भावांची, त्यांच्या चुलत भावांची शाळा शोधा. तहसील कार्यालयातले जन्म-मृत्यूचे जुने उतारे आणि कोतवाल बुक बघा. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात. मी स्वतः असे काही उतारे वाचून दिले आहेत. एकात पणजोबांच्या नावासमोर सरळ "मोमीन" लिहिलेलं होतं आणि घरात तो कागद पन्नास वर्षं पेटीत पडून होता. घराण्यात कुणाची वैधता आधीच झाली असेल, तर तिची प्रत आणि वंशावळ जोडल्याने काम पुष्कळ सोपं होतं.

तिसरा कागद नॉन-क्रिमिलेयरचा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला काढून सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज करायचा. राज्याच्या प्रवेशासाठी ते प्रमाणपत्र प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतं त्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. नीट-जेईईसाठी केंद्राचा नमुना वेगळा, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. दोन्ही काढून ठेवा.

केंद्राची ओबीसी यादीसुद्धा वेगळी आहे. तुमची जात राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसेल, तर नीटच्या फॉर्ममध्ये जनरल भरायचं आणि राज्याच्या ८५ टक्के कोट्याचा अर्ज करताना ओबीसी लावायचं. उलट, राज्यात व्हीजेएनटी असलेल्या अनेक जाती केंद्रात ओबीसी धरतात. दाखल्यावरचं जातीचं नाव यादीतल्या नावाशी अक्षर-अक्षर जुळवून बघा.

आणि जे ओबीसीत नाहीतच, म्हणजे बरीच सय्यद, पठाण, शेख घराणी, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. २०१९ पासून १० टक्के जागा आहेत, त्याला धर्माची अट नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि केंद्राच्या नमुन्यात जमीन-घराच्याही अटी आहेत. आपल्या मोहल्ल्यांत हा दाखला काढणारे फार कमी भेटतात आणि मुलं उगाच ओपनमध्ये झगडत राहतात.

मुलींच्या बाबतीत तर या कागदांची किंमत आणखी वाढली आहे. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. "मुलीच्या शिक्षणाला एवढा खर्च कुठून आणू" म्हणणाऱ्या अब्बांनी आधी हा कागद काढावा, मग बोलावं.

फी किती धरायची

२०२५ मध्ये नीटची फी जनरलला १७००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, एससी-एसटी व दिव्यांगांना १००० रुपये होती. एमएचटी-सीईटी एका ग्रुपला ओपनसाठी १०००, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ८००, दोन्ही ग्रुप घेतले तर दुप्पट. जेईई मेन एका वेळेला जनरल मुलाला १०००, मुलीला ८००. म्हणजे पीसीबी घेतलेल्या ओबीसी मुलीला नीट आणि सीईटी मिळून २४००. ओपनमधला मुलगा सीईटीचे दोन्ही ग्रुप, नीट आणि जेईई दोन्ही वेळा देणार असेल तर ५७००. यात कॅफेचे पैसे आणि प्रवास धरलेला नाही. मुलगा निव्वळ डॉक्टरकीच्या मागे असेल तर "असू दे एक" म्हणून जेईई भरण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. फी परत मिळत नाही, आणि उशिरा भरली तर सीईटीला वरून लेट फी.

पैसे कापले गेले म्हणजे फॉर्म भरला असं नाही. कन्फर्मेशन पेज निघालं तरच भरला. शेवटच्या दोन दिवसांत साइट रेंगाळते. २०२५ मध्ये नीटचे फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होते आणि रमजान २ मार्चला सुरू झाला होता. त्या आठवड्यात सहरीनंतर फॉर्म भरत बसलेली घरं मी पाहिली आहेत. त्यातच बारावीची परीक्षा! पहिल्या आठवड्यातच भरून मोकळं व्हा.

कोकणातल्या किंवा इतरही ज्या घरांत वडील आखातात असतात, तिथे रजिस्ट्रेशनला त्यांचा नंबर देऊ नका. ओटीपी दम्मामला जातो आणि ते ड्युटीवर असतात. मूल वडिलांजवळ आखातातच शिकत असेल तर नीटची केंद्रं दुबई, रियाध, दोहा, मस्कत, कुवेत अशा शहरांत असतात, पण २०२५ मध्ये तिथली फी ९५०० रुपये होती. सुट्टीत गावी यायचंच असेल तर इथलं शहर निवडून पैसे वाचतात.

शहर निवडताना

फॉर्ममध्ये आपण शहराची पसंती देतो, केंद्र ते ठरवतात. आपला जिल्हा म्हणजे जवळचं शहर, असं धरू नका. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे, पण तिथून धुळं नाशिकपेक्षा निम्म्या अंतरावर. नकाशापेक्षा पहाटेची एसटी कुठून सुटते ते बघा. सीईटीची सकाळची शिफ्ट असेल तर साडेसातच्या सुमारास हजर व्हावं लागतं, आणि संगणकाची केंद्रं बऱ्याचदा शहराबाहेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत असतात. तालुक्यातून निघणाऱ्याला आदल्या रात्री मुक्काम करावाच लागतो. म्हणून ज्या शहरात खाला, फूफी, मामू राहतात ते शहर पसंतीत वर ठेवा. "रात्री कुठे राहणार" या एका प्रश्नावर मुलीची परीक्षा बुडू देऊ नका. २०२६ पासून एमएचटी-सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा, चांगला स्कोअर धरला जाणार. दोनदा बसायचं तर प्रवासही दोनदा धरा.

हिजाबबद्दल माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारणा होते. नीटच्या सूचनांत धार्मिक पेहरावाला मनाई नाही, पण अशा उमेदवारांनी तपासणीसाठी लवकर यायचं असतं. २०२५ मध्ये गेट दीडला बंद होणार होतं आणि त्यांना साडेबारापर्यंत बोलावलं होतं. मुलींची तपासणी महिला कर्मचारी आडोशाला करतात. स्कार्फ साधा, पिनांशिवाय असू द्या. फोटोत चेहरा आणि कान स्पष्ट दिसावेत, मागे पांढरं, अशी सूचना असते. स्टुडिओत नको वाटत असेल तर घरी पांढऱ्या चादरीसमोर बहिणीने काढला तरी चालतो. त्याच फोटोच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा, प्रवेशापर्यंत तोच लागतो.

मोबाइल नंबर कुणाचा?

आमच्याकडची एक हुशार मुलगी. सीईटीला चांगले पर्सेंटाइल. फॉर्म कॅफेत भरला, कॅफेवाल्याने सवयीने स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकला. उन्हाळ्यानंतर कॅप फेरीत कॉलेजांचे पर्याय भरायची वेळ आली तेव्हा लॉगिन होईना. पासवर्ड त्याच्या वहीत, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो लग्नाला गावी गेलेला. पहिली फेरी गेली. दुसरीत जे कॉलेज मिळालं ते घरापासून इतकं लांब की तिच्या अब्बांनी पाठवलं नाही. ती आता बी.एस्सी. करते आहे.

म्हणून फॉर्म कुणीही भरो, नंबर घरातला, जो रिचार्ज संपून बंद पडणार नाही असा. ईमेल मुलाच्या नावाचा नवा उघडा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड अम्मीच्या कपाटातल्या फायलीत लिहून ठेवा, आणि फॉर्मची पीडीएफ स्वतःच्या फोनवर पाठवून घेतल्याशिवाय कॅफेतून उठू नका.