दाब सगळीकडून सारखा हवा

साल 1978. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. समोर भल्यामोठ्या पोलादी सांगाड्यात वीस लेसर. यंत्राला वीस हात, म्हणून नाव ‘शिवा’. इंधन दाबून अणुसंलयन घडवायचं आहे. शॉट होतो, झोत इंधनाच्या गोळीवर पडतात, पण गोळी हवी तेवढी आकसत नाही. शिवाचा प्रकाश अवरक्त. त्यातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन आत शिरून इंधन आधीच तापवतात, आणि तापलेलं इंधन दाबाला दाद देत नाही. पुढच्या ‘नोव्हा’त याच प्रयोगशाळेने प्रकाश स्फटिकांतून नेऊन अतिनील केला, तो यासाठीच.

आता थेट 5 डिसेंबर 2022 गाठा. प्रयोगशाळा तीच, मध्यरात्र उलटलेली. नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत झोत आहेत 192, आणि त्यांचं लक्ष्य दहा मीटर व्यासाच्या गोल कक्षात मधोमध धरलेलं. जवळ जा. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचं धातूचं नळकांडं, त्यात दोन मिलिमीटरची हिऱ्याची पोकळ गोळी. गोळीच्या आतल्या भिंतीवर ड्युटेरियम-ट्रिटियम या इंधनाचा बर्फ, उणे 250 अंश सेल्सिअसच्याही खाली.

गोळीत शिरलेली ती नळी नीट बघा. इंधन तिच्यातूनच भरतात. जाडी दोन मायक्रॉन, पूर्वी दहा होती. एवढ्याशा नळीने काय बिघडतं? पुष्कळ. गोळी मिटताना त्या जागेवरून हिऱ्याचे कण तप्त गाभ्यात घुसतात आणि त्याची उष्णता बाहेर उधळतात. पृष्ठभागावरचा सूक्ष्म खड्डाही तेच करतो. आणि दाब एका बाजूने जास्त झाला, तर मुठीतल्या ओल्या साबणासारखं इंधन दुसरीकडून निसटतं. सप्टेंबरच्या शॉटमध्ये हिऱ्याची भिंत थोडी जाड केली होती आणि लेसरची ऊर्जा वाढवली होती, पण गोळी नीट गोल मिटली नव्हती. म्हणून या खेपेला झोतांमधलं ऊर्जेचं वाटप सुधारलं आहे. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला खरा पराक्रम हाच, बारीकसारीक दोष एकेक करून हुडकण्याचा.

एक वाजून तीन मिनिटं. झोत नळकांड्याच्या दोन्ही तोंडांतून शिरून आतल्या भिंतीवर आदळतात. भिंतीतून क्ष-किरण उसळतात, गोळीचं बाहेरचं आवरण उडून जातं आणि उरलेलं कवच सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने आत कोसळतं. तुमची पापणी लवायच्या कितीतरी आधी सगळं संपलेलं असतं.

लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल पडले, संलयनातून बाहेर आले 3.15. प्रयोगशाळेत हे प्रथमच घडलं. मात्र त्या एका शॉटसाठी लेसरने विजेच्या जाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल ओढले होते. तेव्हा वीजनिर्मिती अजून लांब आहे. पण इंधन पुरेसं दाबता येतं का, या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मिळालं.